कळसूबाईच्या माथ्यावर रविवारची उपासना

नगरच्या माणसाला ‘तुमच्याकडे पाहण्यासारखा डोंगर कोणता?’ असे विचारले, तर तो हमखास शहराच्या पूर्वेकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘चांदबिबीचा महाल!’ शहा डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली इमारत वास्तविक निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध केवळ नावापुरता. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अशी काही जडली आहे की नगरची शाळा असो, भिशी असो की नवे लग्न झालेले जोडपे असो, सहल म्हटली की चांदबिबीचा महाल ठरलेला.

मौज ही की महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर ह्याच नगर जिल्ह्याच्या हद्दीवर उभे आहे. कळसूबाई, उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे ५४०० फूट. पण ते पडले अकोले तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. इकडे नगर-पाथर्डीकडे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर शेतकरी देवाला नारळ फोडतो, आणि तिकडे अकोल्याच्या घाटघरला लोक ‘नगरचे चेरापुंजी’ म्हणतात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; बोलण्यात ‘नगर’ अजून सुटत नाही. नाव कोणतेही घ्या, एका जिल्ह्यात असे दोन मुलूख नांदतात, आणि इकडच्या मुलखातल्या पुष्कळांनी तिकडचा मुलूख पाहिलेला नसतो.

म्हणूनच गेल्या वर्षी गावातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा चिटणीस माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, ह्या वर्षी चांदबिबी नाही. कळसूबाई!’ तेव्हा मला बरे वाटले. हा मुलगा माझ्या वर्गातला. संघातली निम्मी मुले-मुली केव्हा ना केव्हा माझ्या मराठीच्या तासाला बसून जांभया देऊन गेलेली. मी त्यांच्या मंडळीचा सभासद नव्हे. पण दिवाळीला ती आमच्याकडे फराळाला येतात आणि नाताळला त्यांच्याकडच्या करंज्या-चकल्या आमच्याकडे येतात, असा आमचा जुना व्यवहार आहे. रविवारी सकाळी डोंगरावर उपासना करायची, आणि आदल्या रात्री मुक्कामावर मी रेव्हरंड टिळकांविषयी अर्धा तास बोलायचे, अशी योजना होती. शिवाय मुलींच्या आयांनी एक अट घातली होती, की सरांच्या बाई बरोबर असल्या तरच पोरींना पाठवू. म्हणजे खरे निमंत्रण आमच्या सौभाग्यवतींना होते, मी त्यांच्याबरोबरचा!

नगरमध्ये ख्रिस्ती समाज काही आजचा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे आपले ठाणे घातले. १८४२ साली इथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. मिस सिंथिया फरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढताना ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते. पुढे १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतली, विशेषतः गावकुसाबाहेरची, पुष्कळ कुटुंबे ह्या धर्मात आली. आजच्या तरुण संघातली मुले बहुतेक त्यांचीच पतवंडे-खापरपतवंडे. कोणी परिचारिका, कोणी एमआयडीसीत, कोणी बँकेत, कोणी नोकरीच्या शोधात. बोलणे अस्सल नगरी. जेवणात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

तर सहलीचा बेत मंडळीच्या कमिटीपुढे गेला, आणि तिथे तो अडला.

अडवणारे गृहस्थ म्हणजे कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद. वय ब्याऐंशी. सारा जन्म खेड्यांतल्या शाळांत मास्तरकी केलेली, म्हणून गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतो. पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला पेन, बोलणे मोजके. त्यांनी तीन हरकती कागदावर लिहून आणल्या होत्या. पहिली, रविवार हा उपासनेचा दिवस. त्या दिवशी मंडळीची जागा सोडून तरुणांनी डोंगर हिंडावेत हे योग्य नाही. दुसरी, मुली रात्री मुक्कामाला राहणार. आणि तिसरी हरकत त्यांनी जरा थांबून वाचली म्हणे: ‘त्या डोंगरावर देवीचे देऊळ आहे. वर गेल्यावर आपली मुले तिथे नेमके काय करणार आहेत?’

दुसऱ्या हरकतीचा निकाल आमच्या सौ.नी लावला. पहिलीला पाळकसाहेबांनी उत्तर दिले. हे पाळकसाहेब वयाने तिशीचे, स्वतः सहलीला येणार होते. ते म्हणाले, ‘मास्तर, बायबलात डोंगर थोडे का आहेत? आज्ञा मिळाल्या त्या डोंगरावर आणि प्रभूचे मोठे प्रवचन झाले तेही डोंगरावर. आम्ही उपासना चुकवत नाही. तिची जागा एक रविवार बदलतो आहोत.’

तिसऱ्या हरकतीला मात्र कोणापाशी तयार उत्तर नव्हते. मास्तरांनीही ते मागितले नाही. कागदाची घडी खिशात घालून ते एवढेच म्हणाले, ‘जा. आल्यावर सांगा.’

आमच्या घरी हा प्रसंग सांगताना चिटणीस हसत होता. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसले नाही. ज्या समाजाला शे-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच गावातल्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या समाजातला एक म्हातारा जर ‘देवळापाशी जाऊन काय करणार?’ असे विचारत असेल, तर तो प्रश्न नुसत्या कर्मठपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. आणि मुलांच्या दृष्टीने पाहावे, तर तो डोंगर त्यांच्याही जिल्ह्यातला. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्या उशाशी असताना ते देवीचे म्हणून आपण चढायचे नाही काय?

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शनिवारी दुपारी मिनीबस निघाली. बावीस मुले, चौदा मुली, पाळकसाहेब आणि आम्ही उभयता. माणशी आठशे रुपये वर्गणी. ज्यांना जमली नाही त्यांची कोणी भरली हे चिटणिसाने शेवटपर्यंत कळू दिले नाही. पेटी डोंगरावर नेणे शक्य नव्हते म्हणून ढोलकी, डफ आणि टाळांचे दोन जोड घेतले होते. त्यांचा उपयोग बस राहुरीला पोचायच्या आतच सुरू झाला.

संगमनेर, अकोले, राजूर करीत गेले की दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट होते. पण माणूस दुसऱ्याच देशात आल्यासारखा वाटतो. संगमनेरपर्यंत उसाचे फड आणि टेकड्यांचे उघडे माळ. अकोले मागे पडले की भाताची खाचरे लागतात. राजूरच्या पुढे तर हिरव्याच्या इतक्या तऱ्हा की पाथर्डीकडून आलेली एक मुलगी खिडकीला नाक लावून एवढेच म्हणत होती, ‘हा आपलाच जिल्हा आहे?’ आपलाच! बीजमाता म्हणून २०२० सालची पद्मश्री ज्यांना मिळाली त्या राहीबाई पोपेरे ह्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. इंग्रजांशी झुंजलेले आणि १८४८ साली ठाण्यास फासावर गेलेले राघोजी भांगरेही ह्याच मुलखातले, महादेव कोळी समाजाचे. पुस्तकांत ही नावे मुलांनी वाचलेली होती. ती माणसे ह्या असल्या खाचरांतून आणि उतारांवरून वावरली, हे बसच्या खिडकीतून प्रथम कळत होते.

मुक्काम पायथ्याच्या बारी गावात, एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी. हल्ली डोंगर चढायला येणाऱ्यांची जेवणाखाण्याची सोय गावातली पुष्कळ घरे करतात. अंगणात ताडपत्री टाकलेली, नागलीची भाकरी, पिठले, गावच्या तांदळाचा भात. जेवणे झाल्यावर मी टिळकांवर बोललो. बोललो म्हणण्यापेक्षा बोलायला सुरुवात केली म्हणणे खरे, कारण पंधराव्या मिनिटाला घरधन्याची सून दाराशी येऊन बसली, मग तिची सासू, मग शेजारची दोन माणसे. आणि मुलांनी माझे भाषण बाजूला ठेवून सासूबाईंनाच विचारले, ‘आजी, ह्या कळसूबाईची गोष्ट काय?’

आजींनी सांगितलेली गोष्ट अशी. कळसू ही एक कोळ्याची पोर. रानात हिंडायची तिला भारी आवड. हिंडता हिंडता ती डोंगराखालच्या गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली की मला भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही. बाकी सांगाल ते काम करीन. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरातले कोणीतरी म्हणाले, ‘ही भांडी घास आणि हा केर काढ.’ कळसूने एक शब्द न बोलता भांडी घासली, केर काढला, आणि ती जी डोंगर चढून वर गेली ती पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा अजून दाखवतात.

‘मग तिनं शाप-बिप नाही दिला?’ एका मुलाने विचारले.

‘शाप कशाला देईल?’ आजी म्हणाल्या, ‘तिनं सांगितलं होतं आधीच. ह्यांनी ऐकलं नाही. ती गेली.’

अंगणात थोडा वेळ कोणी बोलले नाही. टिळकांवरचे माझे राहिलेले भाषण मी दुसऱ्या दिवसावर ढकलले.

पहाटे साडेचारला निघालो. हातात विजेऱ्या, पुढे घरधन्याचा पंधरा-सोळा वर्षांचा नातू वाटाड्या. गाव संपले की थोड्या चढावर कळसूबाईचेच एक देऊळ आहे. ज्यांना माथा गाठणे होत नाही ते तिथूनच दर्शन घेऊन परततात. मला ती सोय फार शहाणपणाची वाटली, पण सौ. पुढे निघून गेल्या होत्या.

उजाडले तेव्हा आम्ही पहिल्या धारेवर होतो. पाऊस नुकताच सरलेला, उतारांवर सोनकीची पिवळी फुले, खाली भंडारदऱ्याच्या पाण्यावर धुके. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंत ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, आणि आमच्या चहाच्या कपातली साखरसुद्धा ह्याच डोंगरांच्या पावसातून येते. ही माहिती मी बरोबरच्या मुलांना देणार होतो. पण त्यासाठी लागणारा श्वास शिल्लक नव्हता.

ह्या डोंगराचे अवघड टप्पे म्हणजे सरळ कातळ. तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पूर्वी जिथे साखळदंड धरून जीव मुठीत घेऊन चढावे लागे, तिथे आता शिडीने जाता येते. तरी शिडी ती शिडीच. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला एकदम आभाळ. संघाचा व्हॉलीबॉलचा कप्तान, सहा फुटी गडी, आदल्या दिवशीपासून मुलींना ‘घाबरायचं नाही, मी आहे’ म्हणून धीर देत होता. तो दुसऱ्या शिडीच्या मध्यावर थांबला. पाच मिनिटे झाली तरी पुढचा पाय उचलेना, मागचा खाली येईना. रविवार असल्याने मुंबई-पुणे-नाशिकची गर्दी मागे तुंबली. कोणी ओरडू लागले, कोणी त्याचे छायाचित्र घेऊ लागले.

इतक्यात खालून एक बाई आल्या. वर टपरीवर विकायला लिंबे, साखर आणि पाण्याच्या बाटल्या असे ओझे डोक्यावर. वय पन्नाशीच्या पुढे. वाट काढत त्या त्याच्या बाजूने वर गेल्या, दोन पायऱ्या पुढे थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, ‘खाली नको बघू, बाबा. माझ्या पाठीकडं बघ न् चाल.’ आणि तो चालला! त्या पाठीवर डोळे ठेवून पायरीमागून पायरी. वर पोचल्यावर त्याने त्यांचे ओझे घेऊ केले, तर त्या म्हणाल्या, ‘आधी सोताला घेऊन चल.’ ह्या बायका आठवड्यातून कितीदा हा डोंगर चढतात हे मी विचारले. ‘गिऱ्हाईक असंल तवा,’ असे उत्तर आले. आम्ही ज्याला साहस म्हणत होतो ते त्यांचे दुकान उघडणे होते.

साडेआठच्या सुमारास माथा आला. वर एक लहानसे देऊळ, चारी बाजूंनी वारा, आणि पाहावे तिकडे सह्याद्री. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही जोडगडांची रांग. दक्षिणेकडे रतनगड, त्याच्या मागे हरिश्चंद्रगडाचा आडवा डोंगर. पायाशी भंडारदऱ्याचे पाणी. सर्वांत उंच म्हणून चढलेली मुले वर आल्यावर उंचीविषयी बोलेनाशी झाली. ‘आपलं नगर कुठल्या बाजूला?’ असे ती विचारू लागली. वाटाड्याने पूर्वेकडे हात केला. तिकडे नुसते पांढुरके आभाळ होते. तरी सगळ्यांनी ते नीट पाहून घेतले.

मास्तरांची तिसरी हरकत आता प्रत्यक्ष समोर उभी होती. देवळापुढे भक्तांची रांग. पाळकसाहेबांनी मुलांना काही सांगितले नाही. त्यांनी फक्त जागा निवडली: देवळापासून बेताच्या अंतरावर, वाऱ्याच्या आडोशाची, कोणाची वाट न अडणारी. तिथे सगळी बसली. एकशे एकविसावे स्तोत्र वाचले गेले. डोंगरांकडे नजर लावून साहाय्य कोणाकडून येते ह्याचा विचार करणारे ते स्तोत्र, आणि वाचणारी मुलगी वाऱ्यामुळे जवळजवळ ओरडत होती. मग ढोलकी बसली, टाळ वाजू लागले आणि टिळकांचे एक भजन सुरू झाले.

टिळकांनी आपल्या लोकांवर केवढे उपकार करून ठेवले आहेत, हे तिथे दिसले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने पाहिले की आपली ख्रिस्ती माणसे इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते म्हणतात. ओठ हलतात, पण मान डोलत नाही. म्हणून त्यांनी ओवी घेतली, अभंग घेतला, कीर्तन घेतले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेत आपल्याला ते भेटतात, ‘स्मृतिचित्रे’मुळे लक्ष्मीबाईंचे लहरी यजमान म्हणून भेटतात. बालकवी ठोंबऱ्यांना त्यांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण दर रविवारी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडळ्यांत जे टिळक गायले जातात, ते बाहेरच्या वाचकाच्या कानावर क्वचितच पडतात.

इथे ते पडले. दर्शन घेऊन बाहेर आलेली एका खेड्यातली आठ-दहा माणसे, धोतरे-फेटे, गळ्यात माळा, आवाजाच्या रोखाने आली आणि जरा दूर बसली. त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्याजवळ टाळ होते. दुसऱ्या कडव्याला त्याने ठेका धरला. तिसऱ्याला बाकीच्यांचे हात वाजू लागले. भजन संपल्यावर म्हाताऱ्याने विचारले, ‘अभंग लई गोड हाय. कुणाचा? तुकोबांचा का?’

‘टिळकांचा, बाबा,’ चिटणीस म्हणाला.

‘म्हंजी केसरीवाल्या टिळकांचा?’

हशा उसळला. तेव्हा माझे आदल्या रात्रीचे राहिलेले भाषण उपयोगी पडले. त्या म्हाताऱ्याला मी दोन मिनिटांत नारायण वामन टिळक समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘बामण होता, ख्रिस्ती झाला, अन् अभंग केले. बरं केलं!’

त्यांच्या उपासनेत ‘साक्ष’ म्हणून एक भाग असतो. ज्याला वाटेल त्याने उठून देवाने आपल्याला काय दिले ते सांगावे. एरवी परीक्षा पास झालो, आजार बरा झाला, अशा साक्षी होतात. त्या दिवशी परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी उठली. मितभाषी मुलगी, वर्गात तिचा आवाज मी फारसा ऐकलेला नव्हता.

ती म्हणाली, ‘काल आजींनी कळसूची गोष्ट सांगितली. मला रात्री झोप आली नाही. माझी पणजी नेवासे तालुक्यातली. तिची आई गावातल्या वाड्याचं अंगण झाडायची आणि बदल्यात शिळी भाकरी आणायची. पणजी मिशनच्या शाळेत दोन यत्ता शिकली. आई आजारी पडली तेव्हा वाड्यावरून निरोप आला, पोरीला झाडायला पाठव. पणजीनं सांगितलं, मी झाडणार नाही. खूप बोलणी खाल्ली घरच्यांची. मग ती चालत नगरला आली, मिशनच्या बोर्डिंगात राहिली आणि पुढे शिक्षिका झाली. ती मरेपर्यंत स्वतःचं अंगण रोज स्वतः झाडायची. आम्ही झाडू घेतला तर ओरडायची. म्हणायची, हे माझं आहे, म्हणून मी झाडते. कळसू देवी आहे की नाही ते मला माहीत नाही. पण मला वाटलं, ती पणजीच्या ओळखीची असेल.’

एवढे बोलून ती खाली बसली. पाळकसाहेबांनी त्यावर भाष्य केले नाही. ‘प्रार्थना करू या,’ म्हणाले आणि पुष्कळ वेळ काहीच बोलले नाहीत.

उपासना संपली. तो टाळकरी म्हातारा उठून आला. त्याच्या हातात देवीपुढच्या नारळाचे तुकडे होते. त्याने ते आमच्या मुलांपुढे धरले, ‘घ्या, परसाद.’

आता मात्र सगळ्यांच्या नजरा पाळकसाहेबांकडे गेल्या. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न घ्यावे की न घ्यावे, हा वाद ह्या धर्माइतकाच जुना आहे. संत पौलाला करिंथकरांस पत्र लिहिताना त्यावर बरेच लिहावे लागले. अन्नाला दोष नाही, पण आपल्या खाण्याने कोणा दुबळ्या बांधवाच्या मनाला ठेच लागू नये, असा त्याचा सारांश. मी स्वतः आणि सौ.नी तुकडा घेतला. आम्हांला अडचण नव्हती. पाळकसाहेब म्हाताऱ्याला नमस्कार करून मुलांना म्हणाले, ‘ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.’

काहींनी हात पुढे केला. काही तसेच उभे राहिले. ती परिचारिका मुलगी घेईल असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘बाबा, राग मानू नका. आमच्या घरी चालत नाही. मला घरी जाऊन खोटं बोलायचं नाही.’

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले. मग खोबरे दुसऱ्या हातात घेतले, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढल्या. ‘ह्या घे. ह्या देवीम्होरं ठेवल्या न्हाईत. ह्या माझ्या वावरातल्या हायेत.’

तिने ओंजळ पुढे केली. शेंगा मग सगळ्यांत वाटल्या गेल्या. देवळापाशी ज्याने खोबरे घेतले होते त्यानेही त्या खाल्ल्या आणि ज्याने घेतले नव्हते त्यानेही.

उतरताना मुलांनी बरोबर आणलेल्या पोत्यांत वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा भरला. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या वाटेवर चढून येणारे लोक जे टाकून जातात, ते पाहून वाईट वाटते. कळसूने केर काढायला नकार दिला त्याच डोंगरावर इतरांनी केर करावा, असे एक मुलगी म्हणाली. तिच्या म्हणण्यात मला भर घालण्यासारखे काही सुचले नाही. कप्तान मात्र शिडीवरून न थांबता उतरला. पुढे त्याच बाई चालल्या होत्या, रिकाम्या हाताने.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सहलीचा अहवाल वाचला जाणार होता, म्हणून मलाही बोलावणे आले. चिटणिसाने सगळे वाचले: जमा, खर्च, शिल्लक एकशे चाळीस रुपये, शिडीवरचा खोळंबा, टाळकऱ्यांची साथ, आणि प्रसादाची हकीकतही, कोणी घेतला कोणी नाही ती नावे न सांगता, पण काही न लपवता. मास्तर पहिल्या बाकावर होते. अहवाल संपल्यावर ते सावकाश उठले. सभेत शांतता पसरली.

‘माझी पहिली हरकत कायम आहे,’ मास्तर म्हणाले. ‘रविवारी आपण इथे असावे. पुढची सहल सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी काढावी, असा ठराव मी मांडतो.’ ठराव एकमताने पास झाला. ‘तिसऱ्या हरकतीविषयी माझे म्हणणे असे की, मी विचारले होते काय करणार, आणि मुलांनी काय केले ते सांगितले. लपवले असते तर मी बोललो असतो.’ मग ते त्या मुलीकडे वळले. ‘तुझ्या पणजीचे गाव कोणते म्हणालीस?’

तिने गावाचे नाव सांगितले. मास्तरांनी खिशातले पेन काढले. ‘त्या गावच्या शाळेत मी १९६६ ते ७१ पाच वर्षे होतो. तो वाडा मी पाहिला आहे. पुढे त्याचे अंगण कोणी झाडत नव्हते. गवत वाढले होते.’ आणि त्याच घडी केलेल्या कागदावर, जिथे त्यांच्या तीन हरकती लिहिलेल्या होत्या, त्यांनी तिच्या पणजीचे नाव विचारून लिहून घेतले.

तरुण संघाने तेव्हापासून एक काम हाती घेतले आहे. मंडळीतल्या वृद्धांकडे जाऊन, आपली पणजी-आजी कोणत्या गावाहून आली, का आली, कोणत्या शाळेत शिकली, हे विचारून वहीत उतरवायचे. मराठीचा मास्तर म्हणून लेखनाचे काम माझ्याकडे आले आहे. दुसरी वही निम्मी भरली. ज्यांची पुस्तके झाली नाहीत अशा अनेक लक्ष्मीबाई तिच्यात आहेत.

यंदाची सहल नाताळच्या सुट्टीत आहे, आणि वार शनिवार आहे. जायचे शहा डोंगरावर, सलाबतखानाच्या कबरीपाशी. तिथवर गाडी जाते, म्हणून ह्या वेळी म्हाताऱ्या मंडळींनाही न्यायचे ठरले आहे. परवा चिटणीस नावांची यादी दाखवायला आला होता. पहिले नाव मास्तरांचे आहे, आणि त्यापुढे कंसात त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे: ‘भुईमुगाच्या शेंगा मी आणीन.’